गिरणीच्या फळ्यावरचा पासवर्ड

एकाच दिवशी, एकाच ट्रेमधून दोन कागद माझ्या टेबलावर आले. नोकरीत हजारो कागद हातांखालून गेले, त्यांतले बहुतेक विसरलो. हे दोन मात्र आजही तसेच शेजारी-शेजारी दिसतात.

पहिला कागद इंटरनेट कंपनीच्या उत्तराचा होता. दुसरा होता चारित्र्य पडताळणीचा. पोलीस शिपाई म्हणून निवड झालेल्या एका मुलीविरुद्ध काही गुन्हा किंवा तक्रार आहे का, ते आठ दिवसांत कळवावे, असे त्यात लिहिले होते. दोन्ही कागदांवर पत्ता एकच होता.

मी तेव्हा राहुरीच्या बाजूच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. गाव आणि माणसांची नावे मी सांगणार नाही. ती माणसे आजही तिथेच राहतात आणि रोज एकमेकांची तोंडे बघतात.

झाले होते असे. गावातल्या एका तरुण शिक्षिकेचे लग्न ठरले होते. सुपारी फुटल्यावर पंधरा दिवसांतच कोणीतरी तिच्या नावाने, तिचा फोटो लावून समाजमाध्यमावर खोटे खाते उघडले आणि त्यावरून नवऱ्या मुलाच्या नातेवाइकांना घाणेरडे संदेश पाठवले. काही संदेश थेट सासऱ्यांनाच गेले होते. मुलगी वडिलांबरोबर ठाण्यात आली तेव्हा वडीलच रडत होते. ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "साहेब, लग्न मोडलं तरी चालंल. पन हे मी लिहिलं न्हाई, एवढं लेखी पायजे मला."

आम्ही अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकालाच करावा लागतो, तो खालच्या माणसावर ढकलता येत नाही. मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. नगरच्या सायबर शाखेत एक हुशार महिला पोलीस नाईक होती. तिने पत्रव्यवहाराचा मसुदा करून दिला आणि मी सह्या केल्या. महिनाभराने उत्तर आले. ते खाते चार वेळा वापरले गेले होते आणि चारही वेळा एकाच घरच्या इंटरनेट जोडणीवरून. चार तारखा, चार वेळा, सगळ्या दिवसाढवळ्याच्या.

ते घर गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचे होते. पुढे गिरणी, मागे घर. पडताळणीचा कागद त्याच्याच मुलीचा होता.

मी शिक्षिकेला बोलावून विचारले, "गिरणीवाल्याच्या मुलीला ओळखतेस का?"

ती म्हणाली, "बारावीपर्यंत एका बाकावर होतो. आता बोलणं न्हाई आमचं." कारण विचारले तर म्हणाली, "असंच. क्षुल्लक होतं."

पोलिसाला आणखी काय हवे असते? पत्ता जुळला, जुने वैर मिळाले, गुन्हा उघड झाला. मी मनातल्या मनात दोषारोपपत्रही लिहून टाकले. आपल्याला एखादी गोष्ट नीट समजत नसली की जे पहिले हाती लागते त्यालाच माणूस घट्ट धरून बसतो. माझे तेच झाले होते.

महिलेचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, म्हणून मी महिला शिपाई बरोबर घेऊन गेलो. नियम पाळला, पण अक्कल घरी ठेवली. भर सकाळी अंगावर गणवेश, आणि जीप थेट गिरणीच्या दारात. दहा-बारा बायका डबे घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही उतरलो तशी गिरणीवाल्याने मोटार बंद केली. एक-एक बाई आपला डबा उचलून चालू लागली. दळण अर्धे राहिलेली एकटीच तेवढी खाली मान घालून उभी राहिली.

मुलगी बावीस-तेवीसची, काटक. मैदानी चाचणीत तिने चांगले गुण मिळवले होते. ती समोर सरळ उभी राहिली.

मी एकेक तारीख वाचून विचारत गेलो, त्या दिवशी त्या वेळी तू कुठे होतीस? तिने आठवायचा प्रयत्न केला. "तारखेनं न्हाई सांगता येनार, साहेब. दुपारच्याला मी घरीच असते न्हाईतर गिरणीत. आण्णा जेवायला बसले की मीच दळते."

"म्हणजे चारही वेळा घरीच होतीस."

"असंल."

"मोबाईल दे."

तिने दिला. त्यात काही सापडले नाही. मी मनात म्हणालो, पुसले असेल.

निघताना तिने एकच प्रश्न विचारला. "साहेब, माझ्या फॉर्मवर तुमी काय लिवनार?"

"जे असेल ते," मी म्हणालो. ते किती तुसडेपणाने म्हणालो, ते आज आठवले तरी लाज वाटते. तिच्या वडिलांनी हात जोडले होते. पांढऱ्या भुवया, अंगभर पीठ. "साहेब, तीन वर्सं पळती पोरगी. पहाटं पाच किलोमीटर. नेटबी तिच्या अभ्यासासाठीच घेतलंय हो." मी त्यांच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही.

माझ्या दोन ओळींवर त्या मुलीची नोकरी टांगलेली होती. तपासात संशयित आहे एवढे लिहिले तरी तिचे नाव मागे पडले असते. पुढे निर्दोष ठरली असती तरी ती भरती कुठे परत येणार होती?

सहाव्या दिवशी मी उत्तराचा मसुदा तयार केला. 'सदर उमेदवार एका गुन्ह्यात संशयित असून तपास सुरू आहे.' रायटरने, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, टंकून आणला. मी सही करणार तेवढ्यात आमचे जुने हवालदार रजेचा अर्ज घेऊन आत आले. निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस. साहेबाला चार शब्द सुनवायचा हक्क त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता.

त्यांना रजा कुठल्या तारखेपासून हवी ते बघायला आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर काढले. मागचे पान उलटे पडले होते. हवालदारांनी ते सरळ केले आणि माझ्या टेबलावरची चार तारखांची यादी बघून थबकले.

"साहेब, ही चौथी तारीख बघितली का?"

"का? काय आहे?"

"नागपंचमी हाय."

"मग?"

"मग काय? त्या दिशी आमच्याकडं चिरत न्हाईत, कापत न्हाईत, चुलीवर तवा ठिवत न्हाईत. हा गिरनीवाला तर जुन्या वळनाचा. त्याच्या आजीनं पंचमीला जातं फिरवलं न्हाई, म्हनून हा गिरनी चालवत न्हाई. सगळ्या गावाला ठावं हाय. पोराबाळांसकट बायकोच्या म्हायेरी जातो. घराला कुलूप असतं."

मी खुर्चीत मागे टेकलो. ती मुलगी माझ्यासमोर उभी असताना मी तिला तारीख विचारली होती. नागपंचमीला कुठे होतीस असे विचारले असते तर तिने एका दमात सांगितले असते. माणसे तारखेने जगत नाहीत, सणावाराने जगतात. एवढी साधी गोष्ट मला तीस वर्षांच्या नोकरीत कळू नये?

मसुदा मी फाडला. उरलेले दोन दिवस पुरणार नव्हते, म्हणून मुदत वाढवून मागायला वरच्या कार्यालयात फोन केला, बोलणी खाल्ली आणि आणखी आठ दिवस मिळवले. हवालदार माहेरच्या गावी जाऊन आले. मुलगी तिथे दिवसभर होती. मामाच्या दारातल्या झोक्यावर तिला निम्म्या गावाने पाहिले होते, आणि तिच्या मोबाईलचे लोकेशनही तेच सांगत होते.

मग कुलूपबंद घरातून इंटरनेट कोणी वापरले?

सायबरच्या बाईंना बोलावले. या वेळी मी, बाई आणि हवालदार, तिघेही साध्या कपड्यांत, दोन मोटारसायकलींवर. गिरणी चालू होती, पण ओटा रिकामा. जीप येऊन गेल्यापासून बायका शेजारच्या गावी दळायला जात होत्या. गिरणीवाल्याने नुसते बाकाकडे बोट दाखवले.

बाई बाकावर बसल्या नाहीत. त्या पत्र्याच्या फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या. फळ्यावर खडूने ठळक लिहिले होते: 'हरभऱ्याची डाळ शेवटी दळली जाईल. डबा नंबराने ठेवावा. उधारी बंद.' आणि त्याखाली वायफायचे नाव आणि पासवर्ड.

पासवर्ड म्हणजे गिरणीवाल्याच्या मोबाईल नंबराचे शेवटचे आठ आकडे. तो नंबर वर पाटीवरही रंगवलेला होता.

"हे कशाला लिहिलंत मामा?" बाईंनी विचारले.

"लाइट जाते, नंबर लांबतो. बाया कावत्यात. मानूस दारात बसलाय तर पानी इचारतो ना आपन? तसंच हे. नेट काय वापरलं म्हनून झिजतंय का?"

"आणि राऊटर बंद कधी करता?"

"त्यो बंद करायचा असतो व्हय?"

हवालदार पुटपुटले, "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय." गिरणीत उभे राहून ही म्हण म्हणणे म्हणजे कमालच होती, पण गिरणीवालाच आधी हसला. पहिल्यांदाच.

बाईंनी मुलीच्या मोबाईलवर राऊटरचे पान उघडले. त्या पानाचा पासवर्डही कंपनीतून आला तसाच होता, कोणीही उघडू शकले असते. प्रत्येक मोबाईलला आपला एक ओळख क्रमांक असतो आणि जोडलेल्या प्रत्येकाचा क्रमांक त्या यादीत उमटतो. मध्येच कोणी येऊ नये म्हणून गिरणीवाल्याने पट्टा तुटल्याची पाटी लावून गिरणी बंद केली. ओट्यावर चिटपाखरू नव्हते, तरी यादीत नऊ उपकरणे होती. तीन घरातली, म्हणजे दोन मोबाईल आणि टीव्ही. उरलेली सहा आजूबाजूच्या घरांत बसून या माणसाचे नेट खात होती. दोन पंचांसमोर यादीचा पंचनामा केला.

"आता यातला आपला कोणता, ते घरोघर जाऊन विचारायचं का?" मी विचारले.

मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "विचारायचं कशाला? पासवर्ड बदलू. ज्याचं बंद पडंल तो येईल की आपल्या पायानं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मुलीने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि फळ्यावरची तेवढी ओळ ओल्या फडक्याने पुसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच जण येऊन गेले. त्या आठवड्यात दळायला कोणी येत नव्हते, पण नेट बंद पडल्याची तक्रार घेऊन पाच जण हजर! एक काकू तर चिडल्या होत्या, "माझी मालिका अर्ध्यात राह्यली, वायफायला काय धाड भरली?" मुलगी प्रत्येकाला म्हणायची, "दाखवा बरं मोबाईल, बघते." आणि क्रमांक टिपून घ्यायची. यादीतले पाच जुळले. सहावा आलाच नाही.

वायफाय पोचेल एवढ्या अंतरात सात घरे होती. पाच घरची माणसे येऊन गेली. सहाव्या घरी बटणांचा मोबाईल वापरणारे म्हातारे जोडपे. सातवे घर गिरणीच्या समोर, रस्त्यापलीकडे, माडीचे. घरमालक चाळिशीचा, गावात मान असलेला, लग्ने जुळवणारा. त्याच्याकडे घरघंटी होती. चार वर्षांत तो गिरणीची पायरी चढला नव्हता, त्यामुळे गिरणीवर येणाऱ्यांच्या कोणत्याच यादीत त्याचे नाव आले नसते. पण त्याच्या माडीच्या खिडकीतून तो फळा स्वच्छ वाचता येत होता. मी स्वतः वाचून पाहिला होता तो, शेजारच्या गच्चीवरून.

झडतीच्या वेळी तो शांत होता. खिशातला मोबाईल काढून दिला, "बघा साहेब, काय बघायचं ते." त्यात काही नव्हते. घरात दुसरा मोबाईल आहे का, असे विचारले तर म्हणाला, "न्हाई."

त्याची बायको दारातच होती. बिचारी मदत करायला गेली. "आवं हाय की त्यो जुना. घरघंटीच्या मागं फळीवर ठिवलाय न्हाई का तुमी? पन साहेब, त्याला सिम न्हाई. त्याला नेट कुठून येनार?"

त्याचा चेहरा उतरला. फळीवरून पिठाने माखलेला मोबाईल पंचांसमोर काढला. क्रमांक यादीतल्या सहाव्याशी जुळला, आणि खोटे खाते त्यात उघडेच होते. सिम काढले की मोबाईल मुका होतो आणि पोलिसांना माग लागत नाही, अशी त्याची समजूत होती. शेजाऱ्याच्या नेटवरून केले म्हणजे पाप शेजाऱ्याच्या दारात, हा हिशेबही होताच.

ठाण्यात चहा दिला. चहाला त्याने हात लावला नाही. मग बोलू लागला. त्याच नवऱ्या मुलासाठी त्याने स्वतःच्या भाचीचे स्थळ नेले होते. त्यांनी नाकारले आणि शिक्षिकेला पसंत केले. "चारचौघांत माझा शबुद पडला, साहेब. भनीला काय तोंड दावू?" मी विचारले, "आणि गिरणीवाल्याची मुलगी? तिची नोकरी गेली असती." तो खरोखर गोंधळला. "तिचा काय संबंद? तिचं मी काईच केलं न्हाई."

तो खोटे बोलत नव्हता. तिचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. आणि सही करायला निघालो तेव्हा माझ्या तरी कुठे आला होता? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्ही दोघे मिळून निघालो होतो. त्याने दोर आणला, गाठ मी मारत होतो.

शिक्षिकेला तिने मागितले होते ते लेखी मिळाले. सासरची माणसे माफी मागायला आली, लग्न झाले. पडताळणीच्या कागदावर मी लिहिले, 'प्रतिकूल काही नाही.'

पण गिरणीचा ओटा रिकामाच होता. कागदावरचे नाव आमच्या शाईने धुऊन निघते, गल्लीतले निघत नाही. मी घातलेला घोळ मलाच निस्तरायला हवा होता. एका सकाळी बायकोकडून दहा किलो गहू घेतले, गणवेश चढवला, जीप पुन्हा गिरणीच्या दारात उभी केली आणि डबा घेऊन उतरलो.

गिरणीवाला म्हणाला, "द्या साहेब, लगीच दळतो."

"नंबराने," मी म्हणालो आणि ओट्यावर बसलो.

त्याने मला ओळखले, म्हणजे माझ्या मनातले ओळखले. त्याने घरचेच दोन डबे आणून माझ्यापुढे लावले आणि सावकाश दळायला सुरुवात केली. तासभर मी पिठात बसून होतो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. शेवटी मालिकावाल्या काकू ज्वारीचा डबा घेऊन आल्या, माझ्या डब्यामागे ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं बी पीठ सपलं व्हय, साहेब?" माझे दळण होईपर्यंत ओळीत नऊ डबे होते. मी मोजले.

त्या दिवशी फळ्यावर नवा मजकूर होता. मुलीने घरचे नेटवर्क वेगळे केले होते आणि पाहुण्यांचे वेगळे. घरच्याचा पासवर्ड लांबलचक, कोणाला न सांगितलेला. राऊटरच्या पानाचाही बदललेला. पाहुण्यांचा दर सोमवारी नवा, तोही ज्याचा डबा ओळीत असेल त्यालाच, तोंडी. गिरणी बंद झाली की तेही बंद. गिरणीवाल्याने मला समजावून सांगितले, "पाव्हन्याला आपन वसरीवर बसवतो, माजघरात न्हाई. तसंच हे." एवढे सोपे करून मला आमच्या प्रशिक्षणातही कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी दोन गोष्टी पाळल्या. जबाब घेताना तारखेबरोबर तिथी आणि सणही विचारला. आणि चौकशीला जाताना जीप गल्लीच्या तोंडाशी ठेवून पायी गेलो. हाताखालची पोरे कुरकुरायची, उन्हात चालावे लागते म्हणून. कुरकुरू दे.

गेल्या वर्षी मी पासपोर्टसाठी अर्ज केला, मुलाकडे जायचे होते. आता नगरमध्ये राहतो. दुपारी बेल वाजली. दारात एक महिला पोलीस, साध्या कपड्यांत, हातात फाईल. पडताळणीला आली होती. मी चष्मा लावून पाहिले.

"ओळखलं का साहेब?"

गिरणीवाल्याची मुलगी! मी तिला आत बोलावले. बायकोने पाणी आणले. मी खिडकीतून बाहेर पाहिले. फाटकाशी गाडी नव्हती. "चालत आलीस?"

"गाडी कोपऱ्यावर लावली. दारात पोलिसाची गाडी बघून शेजारीपाजारी काय म्हनतील?" ती हसली. मग फाईल उघडून तिने रीतसर सगळे विचारले, कागद तपासले, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. शेवटच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले.

मला राहवले नाही. तिचाच प्रश्न मी तिला विचारला, "माझ्या फॉर्मवर काय लिहिणार?"

"जे असंल ते," ती म्हणाली. तिने लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे फिरवला. लिहिले होते, 'प्रतिकूल काही नाही.'